ही पुरते

रंजू, तू गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. लोकांना वाटतं, धाकटी बहीण गेली म्हणून कुंदा खचली. खचले वगैरे काही नाही. मी चिडलेली आहे. मेलेल्या माणसावर चिडू नये हे मलाही कळतं, पण तू मला दुसरं काही करायला जागाच ठेवली नाहीस. जिवंत असतीस तर मी आठ दिवस तुझा फोन उचलला नसता, आणि नवव्या दिवशी तूच दारात येऊन उभी राहिली असतीस, "काय वं ताई, जित्ती आहेस का गेली?" म्हणत. आता ते विचारायला कोण येणार?

तू म्हणायचीस, ताई बोलते नागपूरची आणि कागद पुढे आला की पुण्याची होते. हो, होते. शाळेत तेवढं एकच मला बरं जमायचं. आजही तसंच लिहिते आहे. हसायचं तर हास.

तू सकाळी गेलीस. नागपुरातल्या सदर भागातल्या त्या दवाखान्यात, जिथे तू सहा वर्षं दुसऱ्यांची सलाइनं बदललीस, तिथल्याच तुझ्या सोबतिणींनी तुझे डोळे मिटले. मी स्वराला आणायला तुझ्या मैत्रिणीला फोन लावला. आठ वर्षांची का होईना, पोरीने आईचं तोंड पाहायला हवं. तूच मला सांगितलं होतंस, "स्वरा मैत्रिणीकडे आहे, शाळा जवळ पडते तिले." पलीकडून मैत्रीण आधी रडली, मग म्हणाली, "ताई, स्वरा माह्याकडे नाईच आहे. रंजूनं तिले बालगृहात ठेवलं, महिना झाला. तुम्हाले सांगू नका म्हणे."

कोणतं बालगृह हे मी विचारलं नाही. तेच, जिथे तू वाढलीस आणि जिथून मी निघाले. तासाभराने तिथल्या अधीक्षक मॅडम स्वराला घेऊन आल्या. तिने तुला पाहिलं, तुझ्या पायाला हात लावला, मग माझ्या कमरेला घट्ट धरून उभी राहिली. पाऊण तासाने मॅडम म्हणाल्या, "निघायला हवं, परत नोंद करावी लागते." तुझं लेकरू तुला उचलायच्या आधी परत गेलं. हे सगळं तू ठरवून ठेवलं होतंस. किती शहाणी वं तू.

त्याच दिवशी मी ठरवलं, स्वराला घरी आणायची. तिचा बाप दुसरा संसार मांडून बसलेला. तो फोनवरच म्हणाला, "मले नाई जमत." मग राहिलं कोण? मी. सख्खी मावशी. पस्तिशीची, लग्नाला बारा वर्षं झालेली, मांडी रिकामी. बाल कल्याण समितीकडे अर्ज टाकला. आईबापाविना पोर असलं की समिती आधी नातेवाईक बघते, मग संस्था. त्यांच्या बाई घर पाहायला कळमेश्वरला येऊन गेल्या. तुझ्या भाऊजींनी एका खोलीला रंग दिला, लोखंडी कॉट आणली, त्यावर फुलपाखरांची चादर अंथरली आणि तीनदा सरळ केली. मला या जगाकडून एवढी एकच गोष्ट हवी होती, रंजू. आणि ती मला मिळू नये म्हणून तू मरायच्या आधी काय करून गेलीस ते मला परवा कळलं.

पण आधी मागचं बोलू. तुला मागचं सगळं आठवायचं, फक्त चुकीचं आठवायचं.

मी बारा वर्षांची, तू सात. बाबा आधीच गेलेले, आई काविळीने गेली. शेजाऱ्यांनी थोडे दिवस जेवू घातलं, मग पोलीस, मग समिती, मग बालगृह. चौथ्या महिन्यात आत्या आली. बाबांची एकुलती एक बहीण, जिला आपण दोन लग्नांत पाहिलेलं. आत्या आली हे कळल्याबरोबर तू धावत जाऊन आपले कपडे भरलेस. तुझे आणि माझे, एकाच पिशवीत. चपला घालून, पिशवी पोटाशी धरून ऑफिसात उभी राहिलीस.

आत्या तेव्हाच्या अधीक्षक मॅडमना म्हणाली, "दोघी नाई झेपत. एकीले नेते."

"सख्ख्या बहिणी आहेत हो. ताटातूट कशाला करता?"

"मंग राहू द्या," आत्या म्हणाली आणि उठायलाच लागली.

मॅडमनी आपल्या दोघींकडे पाहिलं. त्यांना तरी काय दोष द्यायचा? दोघी बालगृहात राहण्यापेक्षा एकीला घर मिळेल, एवढंच त्या बाईंना दिसलं असेल. त्या म्हणाल्या, बरं. मग आत्याने मला टेबलाशी उभं केलं. टेबलाच्या कडेवर हात ठेवला, ती कड माझ्या पोटाशी कुठे येते ते पाहिलं आणि म्हणाली, "ही पुरते."

मॅडमनी लिहून घेतलं. तुला पिशवीतून तुझे फ्रॉक काढून घ्यायला लावले. तू एकेक काढलास, घड्या न मोडता. मी पाहत होते आणि माझ्या मनात काय होतं सांगू? लवकर काढ, हे होतं. आत्याचा विचार बदलायच्या आत लवकर काढ.

ही पुरते. या दोन शब्दांवर तू सारं लहानपण काढलंस. तुला वाटलं, आत्या म्हणाली, एक पोट्टी पुरे आहे, दुसरी नको. मी तुझ्या पुढे उभी होते म्हणून माझा नंबर लागला. तू किती वेळा म्हणालीस, "मी पहिले उभी राहिली असती तं मले नेलं असतं." मोठी झालीस, नर्स झालीस, आई झालीस, तरी म्हणायचीस. आधी रडत, मग चिडत, शेवटी शेवटी हसत. माझ्या फाइलवर 'कुटुंबात पुनर्वसित' असा शिक्का होता. तो तुला कुठून कळला देव जाणे. मग मी भेटायला आले की तू ओरडायचीस, "आल्या पुनर्वसित बाई! सरका, जागा द्या!" साऱ्या पोरी फिदीफिदी हसायच्या.

आता आत्याचं घर. कळमेश्वरला एमआयडीसीतल्या कामगारांची मेस चालवायची ती. ओट्यावर दोन शेगड्या, एक लांब पोळपाट. मला आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठवलं आणि ओट्याशी उभं केलं. शाळेत जायच्या आधी पोळ्या, शाळेतून आल्यावर पोळ्या. शाळा तिने सोडवली नाही, कारण समितीच्या बाई हजेरी विचारायच्या. बाई यायच्या त्या दिवशी आत्या मला आंघोळ घालून कॉटवर बसवायची, हातात पुस्तक द्यायची. बाई विचारायच्या, "सुखात आहेस ना बाळा?" मी म्हणायचे, हो. आत्याने मला कधी मारलं नाही. मारलं असतं तर सांगता आलं असतं. पोळ्या लाटायला लावतात ही काय तक्रार झाली? कोणत्या घरात पोरगी पोळ्या लाटत नाही?

पण खरं कारण ते नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर मला परत आणलं असतं, आणि तू दारात उभी राहून मला परत येताना पाहिलं असतंस. ते मला नको होतं. बाकी काय वाटेल ते चाललं असतं.

आत्या वर्षातून दोनदा मला तुझ्या भेटीला आणायची. चांगला फ्रॉक, डोक्याला तेल, हातात चिवड्याची पुडी. तू पुडीकडे नाही पाहायचीस, आधी मला विचारायचीस, "घरी काय काय आहे सांग." आणि मी सांगायचे. झोपाळा आहे. टीव्ही आहे. माझी वेगळी कॉट आहे. आत्या मला मांडीवर घेऊन वेणी घालते. झोपाळा नव्हता, रंजू. मी ओट्याखाली कणकेच्या डब्यांशेजारी झोपायचे. एकदा तू माझ्या मनगटावरचा पट्टा पाहिलास, तव्याचा, लांब भाजलेला. "हे काय झालं वं?" मी म्हटलं, "दिवाळीत फुलबाजी लागली." तू तो पट्टा बोटाने चाचपलास आणि किती हेव्याने म्हणालीस, "तुमच्याकडे किती फुलबाज्या असतात!" त्या वेळी मला काय वाटलं ते आज लिहिते. मला गोड वाटलं. त्या घरात मला गोड वाटावं असं तेवढंच एक होतं, की नागपुरात एक पोरगी माझ्यावर जळते आहे.

तुम्ही पोरी तिथे भातुकली नाही खेळायच्या, 'समिती-समिती' खेळायच्या. एक मॅडम, एक न्यायला आलेली बाई, एक पोर. तुला नेहमी पोर व्हायचं असायचं. एका भेटीत तू मला न्यायला आलेली बाई केलंस. मॅडम झालेल्या पोरीने मला विचारलं, "नेता का हिला?" तू पिशवी धरून उभी, चेहरा असा की जणू खरंच नेणार. मी म्हटलं, "नाई नेत. नाक वाहते हिचं." सगळ्या हसल्या, तूही हसलीस. मग संडासात जाऊन बसलीस, भेटीची वेळ संपेपर्यंत बाहेर आली नाहीस. मला तेव्हा तेरावं होतं. लहान होते, असं म्हणून सुटता येईल. पण मला कळत होतं, मी मुद्दाम बोलले होते. तू मोठी झाल्यावर त्याची माफी मागायची राहून गेली. मागायची होती असंही नाही. विषय काढायची छाती नव्हती.

तू मात्र शिकलीस. तुला तिथे कोणी पहाटे उठवलं नाही, परीक्षेच्या दिवसांत अधीक्षक मॅडम तुझ्याकडून साधा झाडूही मारून घ्यायच्या नाहीत. तू नर्स झालीस आणि मी दहावीत गणितात अडकले. पहिला पगार झाल्यावर तू कोणाला साडी नेलीस? आत्याला. मला न सांगता कळमेश्वरला गेलीस. आत्या दारात तांदूळ निवडत होती. तिने वर पाहून विचारलं, "कोण वं तू?" हे तू मला हसत हसत सांगितलंस, नक्कल करून, दोनदा. साडी तिच्या हातात ठेवून आलीस. मी तुला म्हटलं, "तुले लाज नाई." तू म्हणालीस, "तुले घर भेटलं म्हनून तुले कदर नाई."

असं नाही की तू मला नुसती टोचलीस. माझं पोटातलं लेकरू गेलं, सातव्या महिन्यात, तेव्हा तू रजा टाकून अकरा दिवस माझ्या उशाशी होतीस. मला उठवत नव्हतं तर पलंगाच्या कडेला बादली ठेवून माझे केस धुतलेस. दूध आलं होतं मला, पिणारं कोणी नव्हतं. तू छातीला पट्टा बांधलास, माझ्या तोंडाकडे पाहिलं नाहीस, कारण तुला माहीत होतं, पाहिलं तर मी फुटेन. तसं मला आयुष्यात कोणी सांभाळलं नाही. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तू म्हणाली असतीस, "बस कर, नाटकं नको करू," आणि खूश झाली असतीस.

मग दोन वर्षांपूर्वी आत्या मेली. मातीला जाऊन आलो आणि माझ्या स्वयंपाकघरात आपण खाली बसलो होतो. एव्हाना मीही मेस चालवत होते. दुसरं येत काय होतं मला? तू रडत होतीस. सख्खी आई गेल्यासारखी. ज्या बाईने तुला नेलं नाही, ओळखलं नाही, तिच्यासाठी. आणि वर मला म्हणालीस, "तू तरी रड वं. तिनं तुले घर देल्लं."

मला हसू आलं. खरंच हसू आलं आणि थांबेना. मग मी तुला सगळं सांगितलं. पोळ्या, कणकेचे डबे, तवा, पुस्तक हातात देऊन बसवणं, सगळं. आणि शेवटी ते सांगितलं. "पुरते म्हणे ती, ते ओट्याले, रंजू. ओट्याले पुरते का हे पायत होती ती. तू बुटकी होती म्हनून वाचली."

तुझं रडणं थांबलं. मग बारीक आवाजात विचारलंस, "म्हणजे मी नको होती, असं नाई?"

"तू कामाची नव्हती."

"मंग मी उगाच रडली इतके वर्षं?" तू माझ्याकडे पाहत होतीस, जणू मी तुझं काही चोरलं होतं. "तू मले काहून नाई सांगतलं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसले. म्हटलं, "कारण तू माह्यावर जळत होतीस. साऱ्या दुनियेत एकटी तूच मले नशीबवान समजत होती. ते मी काहून सोडू?" आणि तेवढ्यावर पोट भरलं नाही म्हणून आणखी बोलले, "एक ध्यानात ठेव. नातेवाईक लेकरू नेतात ते जीव आहे म्हनून नाई नेत. काय कामाचं आहे ते पाहून नेतात. फुकट कोणी कोणाचं लेकरू सांभाळत नाई."

तू पदराने तोंड पुसलंस आणि स्वराला हाक मारलीस, "चाल, बस निघते." त्या दिवसानंतर तू मला 'पुनर्वसित बाई' म्हणाली नाहीस. मला वाटलं, भांडण मिटलं.

गेल्या उन्हाळ्यात तू स्वराला आठ दिवस माझ्याकडे पाठवलंस. ते आठ दिवस, रंजू, माझ्या जन्मातले सगळ्यात चांगले. दुपारी आम्ही दोघी कूलरसमोर लोळायचो. तुझे भाऊजी तिला सायकलवर फिरवायचे. ती माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात यायची, "मले दे न मावशी, मले दे न." मी तिला पाटावर उभं केलं, कणकेचा एवढासा उंडा दिला. मी लाडाने दिला होता. आईशप्पथ, लाडाने. तू न्यायला आलीस तेव्हा ती पाटावर उभी राहून पोळी लाटत होती, नाकाला पीठ, आणि मी, कुठली मूर्ख बाई, तुला म्हणाले, "पाय, कसा हात बसला तिचा! आठ दिवसांत!"

तू दारातच उभी राहिलीस. चपलाही काढल्या नाहीस. "हात धू, स्वरा," एवढंच म्हणालीस. जेवायला थांब म्हटलं तर थांबली नाहीस. मी तुझ्या भाऊजींना म्हणाले, हिला ना, आपल्या पोरीला दुसऱ्याचा लळा लागलेला खपत नाही. मला तेव्हा तेवढंच सुचलं.

दिवाळीनंतर तुझं दुखणं निघालं. तू नर्स, तुला सगळं आधीच कळलेलं, मला मात्र अर्धवट सांगत राहिलीस. मी रोज कळमेश्वरहून तुझ्यासाठी डबा आणायचे, मऊ भात, गोडं वरण. तू झाकण उघडून वास घ्यायचीस, परत लावायचीस आणि दवाखान्याची खिचडी खायचीस. मी म्हणायचे, "माह्या हातचं नाई चालत का?" तू म्हणायचीस, "चालते वं. उद्या खाते." शेवटच्या आठवड्यात एकदा माझं मनगट धरून म्हणालीस, "ताई, तू माह्यावर रागावशील."

"काहून?"

"रागावशील, पाय तू."

मी म्हटलं, मुकाट्याने पड. मला वाटलं, तुला तापात काही सुचत नाही.

परवा समितीची बैठक होती. मी इस्त्रीची साडी नेसून गेले, कागद प्लास्टिकच्या पिशवीत, तुझे भाऊजी सोबत. आत चार माणसं टेबलापलीकडे. मधल्या मॅडमनी माझे कागद पाहिले आणि म्हणाल्या, "ताई, एक अर्ज आहे. मुलीच्या आईने स्वतः दिलेला. तुम्हाला वाचून दाखवणं भाग आहे."

तुझं अक्षर मला टेबलाच्या अलीकडूनही ओळखू आलं. त्यांनी वाचलं. 'माझ्या पश्चात माझी मुलगी स्वरा हिला कोणत्याही नातेवाइकाच्या ताब्यात देऊ नये. माझी मोठी बहीण मागणी करील. ती वाईट नाही, तिचा मुलीवर जीव आहे. पण तिच्या घरी मेस आहे, आणि नातेवाईक लेकरू कशासाठी नेतात हे तिनेच मला सांगितलं आहे. मी या संस्थेत वाढले. मला इथे कोणी जवळ घेतलं नाही, पण पहाटे कामाला कोणी उठवलं नाही. माझ्या मुलीचं तेवढंच व्हावं.'

तुझे भाऊजी खाली मान घालून बसले. मी मात्र उभी राहिले. काय काय बोलले, सांगू? म्हटलं, ती आजारी होती, तिला काही समजत नव्हतं. म्हटलं, ती लहानपणापासून माझ्यावर जळायची. हो, हे बोलले मी. भर समितीत, तू राख झाल्यावर. म्हटलं, मेस बंद करते, आज करते, हवं तर लिहून देते. आणि मला खरंच बंद करायची होती, रंजू. ओटासुद्धा फोडला असता.

मॅडम शांत बाई होत्या. म्हणाल्या, "आईची इच्छा आम्ही लक्षात घेतो, पण ते बंधन नाही. तुमच्या घरचा अहवाल चांगला आहे. सख्खी मावशी घ्यायला तयार असताना मुलीला संस्थेत कशाला ठेवायचं?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी जिंकले होते. तुझ्या भाऊजींनी रुमाल काढून डोळे पुसले. मॅडम म्हणाल्या, "तिलाही विचारू."

स्वराला आत आणलं. दोन वेण्या, घट्ट. मॅडमनी लाडाने विचारलं, "मावशीकडे जायचं का राणी? आवडतं तिथे?"

तिने मॅडमकडे नाही पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. ताठ उभी राहिली आणि शाळेत कविता म्हणतात तसं म्हणाली, "हो. मले पोळ्या येतात. पाटावर उभी राहिली की गोल येतात."

सगळे हसले. एक सर म्हणाले, "अरे वा, हुशार आहे!" त्यांना गोड वाटलं. कोणालाही वाटलं असतं. मला मात्र नाही वाटलं. महिना-दीड महिना तिथे राहिली पोरगी. तिथल्या पोरींनी तिला पढवलं असेल, न्यायला कोणी आलं की काय काय येतं ते सांगायचं. की आठ दिवसांत मीच पढवलं होतं? ती माझ्या घरी आली असती, आणि कॉटवरच्या चादरीला सुरकुती पडू दिली नसती. मी नको म्हटलं तरी पाट ओढून उभी राहिली असती, रोज. आपल्याला ठेवून घ्यावं म्हणून आयुष्यभर काम करून दाखवत राहिली असती. मी रोज नको म्हटलं असतं. आणि कधीतरी, डबे जास्त असतील, अंग दुखत असेल, त्या दिवशी मी नको म्हणायची विसरले असते. मला मी माहीत आहे. मी आत्याच्या हाताखाली तयार झालेली आहे.

"मॅडम," मी म्हटलं, "नाई. राहू द्या तिले इथंच."

तुझ्या भाऊजींनी माझा दंड धरला, "कुंदा, काय बोलून राहिली तू?" मॅडमनी दोनदा विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. त्यांनी कागद सरकवला, पेन दिलं. स्वराला सगळं समजलं नसेल, पण 'नाई' समजलं. ती टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आली. माझ्या साडीचं टोक धरलं आणि हळूच म्हणाली, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं,

"मावशी, भांडे पण घासते न मी."

मी सही केली, रंजू. झालं तुझ्या मनासारखं.